दम कुठं घ्यायचा

मेलमध्ये लिहिलंय : प्रत्येक प्रतिनिधीला तीन मिनिटं.
आमच्या तालमीत तीन मिनिटांत
वस्ताद नुसता लंगोट नीट बांधलाय का ते बघतात.

नैरोबीला जायचंय.
फॉर्म भरताना पहिल्याच रकान्यात अडले.
संस्थेचं नाव : बापट कॅम्प तालीम मंडळ, पूर पथक.
तालमीला इंग्रजीत काय म्हणायचं?
प्रणोती म्हणाली, जिम लिही की.
पण जिममध्ये तांबडी माती नसते,
तिच्यात ताक, हळद, लिंबू मुरवत नाहीत,
मोहरमला कोपऱ्यात पंजा बसत नाही.
शेवटी 'तालीम'च लिहिलं.
विचारायचं असेल तर विचारतील.

सदस्यसंख्या.
रजिस्टर काढलं. पुरात भिजलेलं,
पानं फुगली ती तशीच वाळली.
एकेचाळीस नावं, पेन्सिलीतली.
झाकीर आता चाकणला, कंपनीत.
शीतलला नांदणीत दिलीय,
सासरी असलं काही चालत नाही.
तरी श्रावणात रात्री दोनला तिचा मेसेज येतो :
'हिकडं फुग हाय. तुमचं पाणी लवकर उतरायचं न्हाई.'
खोडरबर हातात घेतला होता.
एकेचाळीसच लिहिले.

बॅग शेजारच्या गवंड्यांची, दुबई बघून आलेली,
एक चाक कुरकुरतं.
ब्लेझर बँडवाल्यांच्या टेलरनं शिवला.
खांद्याला झालर लावू नका,
एवढं दोनदा सांगावं लागलं.

आबा माती तुडवत होते.
पाय न थांबवता विचारलं, 'तिकडं नदी हाय?'
आहे. शहराच्याच नावाची. तिलाही पूर येतो.
'मग सगळं सांगत बसू नगं.
निम्मं त्यास्नी ठाऊक असंल.'

पुण्याच्या मॅडम ऑनलाइन शिकवतात :
आकडे घाला, हात बांधू नका, शेवट आशेवर करा.
मी घातले आकडे.
सहाशे बारा मूर्ती, असं म्हणते मी भाषणात,
आणि पुढं लगेच : आर्थिक नुकसान.
शेडमध्ये रांगेनं उभ्या होत्या त्या,
डोळे आखायचे तेवढे राहिलेले.
पाणी आधी मूषकांपर्यंत आलं.
हे भाषणात नाही.

प्रतिनिधी म्हणजे
दुसऱ्यांच्या जागी उभी राहणारी.
त्या रात्री मी कुणाच्याच जागी नव्हते.
दोरीला होते. सातवी.
पुढं झाकीर, मागं शीतल,
आणि ट्रकच्या ट्यूबवर कुणाची तरी आजारी म्हातारी,
शेळीला घेतल्याशिवाय येणार नाही म्हणून भांडणारी.
शेळीही आणली.

रविवारी पहाटे हौद्याच्या कडेला, चप्पल काढून,
अख्खं भाषण म्हटलं. इंग्रजीत.
पोरं जोर मारायची थांबली.
बंडू वस्तादांनी घड्याळ बघितलं :
'साडेचार मिन्टं.'
मग कानाची पाळी चोळत म्हणाले,
'भाषा काय कळली न्हाई.
पर मधी एका जागी तुझा दम तुटला.
कशाचं व्हतं ते?'
मूर्तींचं.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
'मग तिथनं पळू नगंस. थांब. दम घे. मग पुढं.'

घरी येऊन काट मारत बसले.
शाश्वत गेलं, सक्षमीकरण गेलं,
रेझिलियन्स गेलं (ते मला नीट म्हणताही येत नव्हतं).
आशाही थोडी कमी केली.
म्हातारी ठेवली. शेळी ठेवली.
आर्थिक नुकसान काढून
तिथं लिहिलं : डोळे आखायचे राहिले होते.

आता तीन मिनिटं दहा सेकंद होतात.
वरचे दहा कुठले ते मला माहीत आहे.
घंटा वाजवली तर वाजवू देत.

आई बॅग या खोलीतून त्या खोलीत नेऊन बघतेय,
चाक कुरकुरतंय.
सकाळी तेल घालायला हवं.