सोपी वाट

रजिताचा निरोप रात्रीच येऊन पडला होता.
मी सकाळी ऐकला, वनविहाराच्या फाटकापाशी,
बुटाची नाडी बांधता बांधता.
"आत्या, आज जंगलात गेलो होतो. एकदम सोपी वाट,
तुझ्या गुडघ्यालाही जमली असती."
खाली फोटो : पुस्तकातली सूचिपर्णी झाडं,
शेवाळ, आणि मधोमध घराएवढा धोंडा,
कुणी ठेवून विसरून गेल्यासारखा.
हिमनदीनं आणून टाकलाय म्हणे.

हिमनदी मी पाहिलीय.
सोलापुरात. एप्रिलमध्ये.

सातवी ब. उंबरजे बाईंनी कारखान्यातून
बर्फाची अख्खी लादी मागवली होती,
हातगाडीवर, भुसा लावून, गोणपाटात,
स्वतःच्या पैशानं.
"ओढा गं," म्हणाल्या.
आम्ही चौघी दोर धरून, उन्हात, फ्रॉक खोचून.
लादीच्या पोटाला मुरूम चिकटला, खडे,
सोड्याच्या बाटलीचं एक बूच,
आणि मागं मैदानात चर उमटत गेला, गोल बुडाचा.
"नदी कापते ती दरी व्हीसारखी. ही बघा, यूसारखी."
कवठाच्या झाडापर्यंत पोचेस्तोवर
लादीची उशी झाली, उशीची वीट.
अभ्यासावी की चोखावी, ठरेना.
यादगिरींची सुलोचना चोखून मोकळी झाली.
उरला तो खड्यांचा एवढासा ढीग.
"हिमोढ," बाई म्हणाल्या. "लिहून घ्या.
बर्फ जातो. त्यानं ओढून आणलेलं राहतं."

परीक्षेत ते आलं नाही.

ही वाट तर त्याहून सोपी. चढ नाही, उतार नाही,
कडुनिंब, हिवर, बोरी;
लावलेलं जंगल, आधी ओळीत उभं केलेलं,
मग कुणाचं लक्ष नाही बघून ओळ मोडलेलं.
इथं बर्फ कधी फिरकला नाही.
इथं आली ती आग, थरावर थर,
दुकानात रचलेल्या चादरींसारखी,
आणि थिजली.
मेमध्ये दुपारी या काळ्या दगडाला हात लावून बघा,
अजून विसरलेला नाही.

उजवा गुडघा बोलतो. तीस वर्षं
गणवेश शिवायच्या मशीनचं पायडल.
डॉक्टर म्हणाले, झीज आहे.
हाही भूगोलाचाच शब्द, मी म्हटलं;
त्यांनी गोळी लिहून दिली.

समोरून चिप्पा मामा आले, पाठमोरे.
उलटं चाललं की गुडघे सुधारतात, असं
कुणीतरी त्यांना सांगितलंय.
"मागं झाड आहे ओ," मी ओरडले.
"माहितीय की," म्हणाले, आणि धडकले.

जानेवारी. गवताची पाती भिजलेली,
साडीचा काठ पोटरीला चिकटतोय.
अम्मा याला मंचु म्हणायची.
तेलुगूत दव म्हणजे मंचु, धुकं म्हणजे मंचु,
बर्फ म्हणजेही मंचु.
मागावरची माणसं. एका सुतात तीन कामं काढायची.
चार पिढ्यांत बर्फावर पाय ठेवणारी रजिता पहिली,
पण शब्द घरात होता, रोजच्या वापरातला,
पहाटे परसात जाताना पायाला लागणारा.

वळणावर एक धोंडा आहे, बसण्याजोगा.
मी त्याचा फोटो काढला, तिला पाठवला :
ओळख, हा कुणी आणून टाकला?
तिकडं अजून रात्र असेल.
उत्तर मला ठाऊक आहे. जेसीबीनं,
मागच्या साली, पाण्याची पाइप टाकताना.

बसले. दव साडीतून आत आलं.
कधीपासून टोचत होतं म्हणून
डावा बूट काढून झटकला.
खडा पडला. तांबूस, हरभऱ्याएवढा.
या वाटेवर असला मुरूम कुठंच नाही.