नखभर खाच

माझ्या नावावर एकही यंत्र नाही.
आहेत ती झाकणं.
एकेचाळीस, सगळी धरून.
एक धरलं नाही, ते साच्यातच वाकलं.

रेडिओ दुसरे करतात, वरच्या मजल्यावर.
माझ्याकडे खाली येते ती भोकं पडलेली पेटी:
इथे चार्जर, इथे बॅटरी,
इथे काय ते अजून ठरलेलं नाही.
सोबत रागनहिल्डची पिवळी चिठ्ठी:
'उघडलं पाहिजे. उघडता कामा नये.'

पाणी आत नको, मीठ आत नको,
माणसाचं बोट मात्र हवं.

स्ट्रूअरला खाडीवरून वारा सुटला
की आमच्या प्रयोगशाळेची खिडकी शिट्टी घालते.
दिवसभर फटी बुजवणारी आम्ही माणसं.
तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

खाच मी आखली माझ्या नखावरून.
खोली शून्य पूर्णांक आठ मिलिमीटर.
पोलादी बोटाने ती पाच हजार वेळा उघडली,
झाकण पाच हजार वेळा टक् म्हणालं,
आणि साचेवाला आयविन हात पुसत म्हणाला,
'चला, लागलं एकदाचं लग्न.'

मार्चमध्ये एक खोकं परत आलं.
शिंपले काढणाऱ्या होड्यांवरचे अकरा रेडिओ.
दहांच्या झाकणांवर काळी चिकटपट्टी.
अकराव्याला झाकणच नव्हतं,
तिथे बाटलीचं बूच कापून बसवलेलं,
इतकं नेमकं
की मला लाज वाटली.

बुचाच्या मालकाला शोधत धक्क्यावर गेले.
स्वेनिंग होल्म. हातमोजे, त्यांवर आणखी हातमोजे.
उजव्या तर्जनीचं पहिलं पेर कप्पीने नेलेलं.
'नख?' तो म्हणाला. 'नख रविवारी असतं.'

मी पिशवीतून निळी माती काढली. म्हटलं, उघडा.
ही पेटी समजा, हे झाकण, उघडा.
हातमोजा न काढता त्याने अंगठा रोवला,
तिरका,
आणि ओढला स्वतःकडे.

माझी सगळी झाकणं पलीकडे ढकलायची.
एकोणीस वर्षं. गरम खोलीत, कोरड्या हातांनी.
गारठलेला माणूस सगळं छातीशी ओढतो
हे कुठल्या तक्त्यात नव्हतं,
किंवा असेल, मी पाहिलं नाही.

बेचाळिसाव्याला खाच नाही.
अंगठ्याच्या मांसाएवढा खळगा आहे,
आणि पेटीला जखडलेली रबराची शेपटी,
कारण स्वेनिंग म्हणाला,
'समुद्रात पडलेलं झाकण खेकड्यांच्या कामाचं.'
शेपटीला नगामागे अकरा ओअर जास्त.
रागनहिल्डने आठ्या घातल्या, मग सही घातली.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणे.
म्हणणाऱ्याने ती कधी उघडली नसावी
ओल्या हातमोज्यात,
होडी कलत असताना,
मदत मागायला.

स्वेनिंगचा काही निरोप नाही.
चिकटपट्टीचं खोकंही आलं नाही पुन्हा.
आमच्या धंद्यात यालाच शाबासकी समजायचं.

घरी माझ्या टीव्हीच्या रिमोटला झाकण नाही.
दोन सेल उघडेच, रबरबँडने आवळलेले.
कधी सोफ्याखाली हात घालते:
एक नाणं, एक बटण, धुळीची गोळी.
ते कुणी केलं होतं कोण जाणे.
चांगलं असणार.
कसं उघडायचं,
मला आठवतच नाही.