शेरा

औशात रात्री पावणेदोनला
डीबगर पुन्हा मेला.
ज्या ओळीनं मारलं ती फाइलीत नव्हतीच.
फाइल दोनशे बारा ओळींची,
आणि कंपायलरनं लिहून ठेवलेलं:
हे फंक्शन ओळ चार हजार एकशे नव्वदवर.

पुढं आणखी.
एक हद्द, सुरू होण्याआधीच संपलेली.
एक टाइप, ज्यानं बापाच्या रकान्यात
स्वतःचंच नाव भरलंय;
शोधत गेलं की किल्ल्याच्या खंदकाभोवती
फिरत राहायचं, दरवाजा न सापडता.

आमचा डीबगर मानी.
चूक दिसली की हातातलं टाकून आडवा.
ज्याचं दुखणं बघायला बोलावलं
तो प्रोग्राम बाजूलाच,
आधी वैद्याची तिरडी.

दस्तगीरमामू आठवले. मोजणी खात्यातले.
त्यांच्या साखळीचं दुसरं टोक धरायला
मी जायचे लामजन्याच्या शिवारात,
दिवसाला एक लिमलेटची गोळी.
खासरा पत्रकात विहीर, जागेवर निवडुंग.
टिपणात ओढा पूर्वेला वळलेला;
ओढ्याला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.
मामू कागदावर चिडायचे नाहीत,
लिहिणाऱ्याची मायही काढायचे नाहीत.
कानामागची पेन्सिल घेऊन
शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात:
‘नमूद खूण जागेवर आढळली नाही.’
आणि मला, ‘चल बेटा, आगे.’

पण नसलेली विहीर
त्यांनी नकाशावर कधी काढली नाही.

ते स्वतः कागदावर एक जूनचे.
गुरुजींनी अंदाजानं टाकलेली तारीख;
खात्यानं तिच्याच हिशेबानं घरी पाठवलं,
अम्मीच्या हिशेबापेक्षा तीन वर्षं आधी.
त्यावर शेरा नाही. हसले,
सुपारी कातरत बसले.

मी सात ओळी लिहिल्या.
आकडा फाइलीबाहेरचा? धरू नको.
बाप तोच आणि पोरही तोच? थांब, वर चढू नको.
तक्रार कर, पण एकदाच.
मग आगे.

तीन वाजून गेले. पंखा लाइटीबरोबर
मधेच हळू, मधेच जोरात.
पडद्यावर चौदा व्हेरिएबल.
एकासमोर: ‘माहिती सदोष, किंमत सांगता येत नाही.’
इतक्या दिवसांत यंत्र पहिल्यांदा
नाही म्हणालं, आणि उभं राहिलं.

उरलेल्या तेरांत, खालून तिसऱ्या जागी,
एक शून्य बसलेलं होतं
जिथं शून्याचं काहीच काम नव्हतं.
आठवडाभर मी त्यालाच शोधत होते.