शेऱ्याचा रकाना

सकाळी सहाच्या फेरीबोटीत
थंडपेटी मांडीवर घेऊन मी बसते.
पेटीत रिकाम्या नळ्या, स्पिरिट, कापूस
आणि दिवाडीच्या अकरा माणसांची यादी.
सातवे नाव कायतान मिनेझिस, वय बासष्ट,
डावा दंड, चकती क्रमांक शून्य चार सात.

काम साधे आहे.
दंडावरची चकती साखर किती म्हणते ते लिहायचे,
त्याच मिनिटाला शिरेतले रक्त काढायचे,
बांबोळीला जाऊन दोघांतला फरक मांडायचा.
तो कमी व्हावा म्हणून पुण्याचे एक गृहस्थ,
ज्यांना मी कधी पाहिलेले नाही,
दर पंधरवड्याला सूत्र बदलून पाठवतात.

पहिल्या आठवड्यात कायतानची चकती कायम मागे.
पाव खाऊन रक्त एकशे नव्वदवर पोचलेले
आणि ही अजून एकशे चाळीसचीच गोष्ट सांगते.
मी यंत्राला नावे ठेवली.
तो म्हणाला, चल,
आणि मला मानशीवर घेऊन गेला.
भरती नुकती लागली होती.
नदीकडच्या खांबावर पाणी चार बोटे चढले,
आतल्या तळ्यातल्या खांबाला त्याची खबरच नव्हती.
बंद फळ्यांच्या फटींतून ते येत होते
झिरपत, थांबत,
मग कडेचा एक खेकडा हलला.
"राव गो बाय. उदकाक वेळ लागता."

चकतीची तार रक्तापर्यंत जातच नाही,
ती पेशींमधल्या ओलीत बसते, बांधाच्या आत.
हे मला तीन दिवस शिकवले होते, रंगीत चित्रांसह.
पुण्याला कळवले: नुसती पातळी नको, वेग बघा,
चढतीला बारा मिनिटे धरा.
उत्तर आले: धरलेलीच आहेत.

मे महिन्यात एकदा बोट टोचले तर दोनशे ब्याण्णव.
चकती म्हणे एकशे एकतीस.
दोघीही ठाम.
मग मला वास आला.
मानकुराद सोलून त्याने हात सदऱ्याला पुसले होते.
साबणाने धुतल्यावर एकशे अडतीस.
त्या दिवशी मी चकतीची मनातल्या मनात माफी मागितली.

आणि मग त्या रात्री.
पावणेतीनला गजर: अठ्ठेचाळीस.
एस्पेरांसने त्याला उठवून बसवले,
तोंडात माडाचा गूळ कोंबला,
तो चावत म्हणत राहिला, मला काही झालेले नाही.
बोटाच्या थेंबाने त्याचीच बाजू घेतली: एकशे बारा.
अशा तीन रात्री. तिन्ही अमावस्येच्या आसपासच्या.

पुण्याने लिहिले: दंडावर दाब, कुशीचा दोष,
या ओळी गाळा.
मी त्याला विचारले, रोज डाव्याच कुशीवर का?
त्याने डाव्या कानाला हात लावला.
हा गेला, बोटीच्या इंजिनखोलीत, अठरा वर्षांत.
उजवा वर ठेवावा लागतो.
मोठ्या भरतीला मानशीच्या फळ्या वाजतात,
एखादी सुटली तर वाजणे बदलते,
ते ऐकू आले नाही तर सकाळी शेतात खारे पाणी.
एस्पेरांस चुलीपाशी होती.
म्हणाली, तेवीस वर्षे मी याची पाठ बघून झोपते.

पुढची चकती मी उजव्या दंडावर लावली.
गजर थांबले.
फरक पंधरा टक्क्यांवरून साडेनऊवर आला,
आणि पुण्याहून अभिनंदनाची दोन वाक्ये.

ओळी मात्र मी गाळल्या नाहीत.
शेऱ्याचा रकाना लहान असतो, त्यात मावेल तेवढे लिहिले:
डाव्या कुशीवर. पाणी ऐकत होता.

काल पुण्याने विचारले आहे,
पाणी म्हणजे नेमके काय, खुलासा करावा.
अजून केलेला नाही.
बोट धक्क्याला लागते आहे,
साखळी खडखडत खाली येते
आणि फळी टेकायच्या आधीच
लोक उड्या मारतात.