बारा किलोहर्ट्झ

सातशे तीनमधल्या बाळंतिणीची तक्रार होती :
लिफ्ट हलली की भिंतीतून शिट्टी येते, बाळ दचकतं.
मी मशीनरूममध्ये तासभर उभा राहिलो.
पंखा ऐकला, ब्रेकचं खट् ऐकलं,
खाली मुलुंडच्या गल्लीत भंगारवाल्याची आरोळी ऐकली.
रजिस्टरात लिहिलं : दोष आढळला नाही.
सही. तारीख.

पुढच्या खेपेला ग्लेनिस डाबरे सोबत होती,
वसईची, तेवीस वर्षांची.
दारातच तिनं कान दाबले. "सर, केवढी वाजतेय ही!"
"काय?"
तिनं माझ्याकडे पाहिलं,
मग पाहणं आवरतं घेतलं.

तीस वर्षं मी मोटरींना शिकवत आलो
झटका न देता उठायला :
गुडघ्यावर हात टेकून म्हातारी उठते तसं,
मग वेग, आणि मजला जवळ आला की
आधी मनातून थांबायला लागायचं.
विजेचे तुकडे करायचे, सेकंदाला हजारो,
इतके बारीक की मोटरला वाटावं
सलग लाटच येतेय.
ते तुकडे वाजतात.
त्यांच्या वाजण्यापलीकडे मी कधी पोचलो
ते मला कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नव्हतं.

ग्लेनिसनं बटणं दाबली. आठ. दहा.
"अजून वाजतंय."
बारा.
"आता बारीक. भिंतीपलीकडे नाही जाणार."
सोळावर नेलं असतं, पण ड्राइव्ह तापतो.
आवाज कमी केला की उष्णता वाढते,
ते कुठल्या तरी खात्यावर मांडावंच लागतं.

मग गच्चीवर. तिथंही आमचंच काम :
चाळीस पॅनेलं, वाळवणासारखी कलती घातलेली,
आणि भिंतीवरचा इन्व्हर्टर,
जो शहराच्या विजेत शिरण्याआधी
कडेला उभा राहून ठेका मोजतो,
लेझमीच्या रांगेत नवं पोर शिरतं तसा,
आधी अंगठा हलतो, मग घोटा,
मग कधी आत गेला ते रांगेलाही कळत नाही.

सेक्रेटरी ताम्हाणेबाई वाटच बघत होत्या.
"लाईट गेली की हाही मरतो.
डोक्यावर एवढं ऊन! मग पैसे कशाला घातले?"
आणि तेवढ्यात गेलीच.
हिरवा दिवा लाल झाला.
ऊन होतं, पॅनेलं भरात होती,
तरी हा हात आखडून बसला.

मी बाईंना कठड्यापाशी नेलं.
कोपऱ्यावर फीडर पिलरचं दार उघडं,
एक माणूस उकिडवा बसलेला,
चहाचा कागदी कप दाराच्या कडेवर,
खांद्यापर्यंतचा हात आत.
"त्याच्यासाठी," मी म्हणालो.
बाई वाकून बघत राहिल्या.
"त्याला माहितेय का, आपण वर थांबलोय ते?"
"नाही."

आमच्या धंद्यात याला बेट होणं म्हणतात :
सगळ्यांची गेलेली असताना
आपण आपलाच ठेका खरा धरून चालू राहायचं.
मनाई आहे. सेकंद-दोन सेकंदांत थांबावं लागतं.
सात बेटांमध्ये भर घालून केलेल्या या गावात
मी हा नियम शेकडो यंत्रांत भरला,
आणि स्वतः
एका बाईची शिट्टी बाहेर ठेवून
महिनाभर हिरवा दिवा लावून बसलो.

त्यानं दार लावलं, कप चुरगाळला.
वीज आली. इन्व्हर्टर लगेच नाही शिरला,
पाच मिनिटं नुसता ऐकत राहिला.
आम्हीही.

जाताना रजिस्टर उघडलं.
जुनी ओळ खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं :
आवाज आहे.
ऐकणारे : सातशे तीन, डाबरे.
ड्राइव्ह बारावर. तापेल, पंखा वाढवावा.
सहीसाठी पेन ग्लेनिसकडे दिलं.