मागचे दोन

शहाद्याला, केळीच्या वखारीमागं,
रज्जाकभाईनं जॅक लावला ॲक्सलखाली.
चासीखाली नाही.
"लटकनं ते ब्रेकनी नळी तुटी."

खालचा नट गंजून एकजीव.
डिझेल ओतलं, बिडी ओढली,
पान्याला बोअरचा तुटका पाइप चढवला
आणि दोघं लोंबकळलो. कर्र.

शॉक हातात आला.
तेलात मुरलेली सातपुड्याची धूळ,
बुशचं रबर उंदरानं कुरतडल्यागत.
दाबला, खाली गेला,
तिथंच राहिला.
"हाऊ ते मरेल शे."

चूक माझी.
गाडी तीन इंच उचलली, ऐटीत,
शॉक ठेवले तेच, आखूड.
दर खड्ड्यात चाक खाली जायचं
आणि हे बिचारे, हात पुरत नसताना
ते धरून ठेवायचे.

नवे, लांब, जळगावहून एसटीच्या पार्सलनं आले.
पट्टा कापला तसा दांडा आपसूक वर आला,
सावकाश,
दुपारच्या झोपेतून उठल्यासारखा.

सोमवारी तोरणमाळ. आश्रमशाळेची अंडी, तीनशे.
मागं इंदास पावरा, ट्रे सांभाळायला.
एरवी घाटात तो आकडा सांगायचा:
चार गेली. नऊ. बारा.

आज नाला ओलांडला तरी आवाज नाही.
आरशात बघितलं.
एक हात ट्रेवर, दुसरा छताच्या नळीला,
डोळे गच्च मिटलेले,
येऊन गेलेल्या खड्ड्याची
अजून वाट बघत.