अडीच रियाल

मत्रहच्या सूकमध्ये तिसऱ्यांदा गेलो
तेव्हा दुकानदारानं न विचारता खुर्च्या पुढे केल्या.
कुंदानं करंडे उघडून पाहिले, चांदीचा मुलामा दिलेले,
आतल्या मखमलीवर बोट फिरवलं.
मग लोबानाची छोटी धुपाटणी,
मग बदाम भरलेले खजूर, सोनेरी कागदातले,
मग पुन्हा करंडे.
अडीच रियाल नग. दोनशे चाळीस पाहुणे.
मी स्टोअरकीपर माणूस, गुणाकार आपोआप होतो.
सहाशे.

ऋजुता इतका वेळ दारात उभी होती,
समुद्राकडे तोंड करून.
म्हणाली, बाबा, परतीचं तिकीट हल्ली कितीला पडतं?
कुणाचं, मी म्हटलं.
कुणाचंही.

सत्तावीस वर्षं मी निळ्या डांगऱ्या वाटल्या या गावात.
हेल्मेट एक, बूट एक जोड, डांगऱ्या दोन,
सही किंवा अंगठा.
जाताना सगळं परत जमा करायचं, असा नियम.
काही नावांपुढे जमेचा रकाना कोराच राहिला.
कंपनी बुडाली, मालक पासपोर्टांसकट गेला,
दंड चढत राहिला दिवसामागे दिवस,
आणि माणूस हमरियातल्या एका खोलीत
अकरा जणांत बारावा होऊन राहिला.
जगतियालचा पोशेट्टी. तो इथे आला
तेव्हा मुलगी आईच्या पोटात होती,
तिला न्हाण आल्याचं त्याला फोनवर कळलं.
हे मी घरी एकदाच बोललो होतो, जेवताना.
पोर तेव्हा आमटीतली आमसुलं
ताटाच्या कडेला लावत बसली होती.

कुंदा म्हणाली, द्यायचं तर वेगळं देऊ की.
पण इचलकरंजीहून माणसं येणार, विमानानं,
त्यांना काय हात हलवत पाठवायचं?
विहीणबाई काय म्हणतील?
तिचंही चूक नव्हतं.
तिच्या आईनं आमच्या लग्नात पितळी वाट्या वाटल्या होत्या;
उरलेल्या एकीत आजही आमचं मीठ असतं.
दोन दिवस घरात फक्त कुकर बोलला.

वाट निघाली ती रूवीतल्या शिंप्याकडे.
न वाटलेल्या डांगऱ्यांचा एक गठ्ठा
स्टोअरनं भंगारात काढला होता.
मी रीतसर विकत घेतला, पावती आहे.
त्याच्या दोनशे चाळीस पिशव्या, मुठीएवढ्या.
नाड्या मात्र कुंदाच्या जुन्या शालूच्या काठाच्या.
तो तिनंच उसवून दिला, आम्ही कुणी मागितला नव्हता.
आत एक खजूर. एकच.
आणि चिठ्ठी: तुमची भेट
कुणाच्या तरी परतीच्या तिकिटात गेली आहे.
शिलाई आणि खजूर वजा जाता
पाचशे चाळीस उरले. म्हणजे नऊ माणसं.

हॉलमध्ये एका काकांनी पिशवी उलटी करून झटकली,
एवढंच?
कुणाच्या तरी नातवानं चार खजूर पळवले.
विहीणबाईंनी चष्मा बदलून चिठ्ठी दोनदा वाचली
आणि पिशवी कमरेला खोचली.
काही म्हणाल्याही, पण तेवढ्यात सनईची रेकॉर्ड
कुणीतरी फार मोठी केली.

नवांमध्ये पोशेट्टी नव्हता.
त्याचा दंड मोठा. कागद अजून खिडकीवर आहेत,
मी दर रविवारी विचारून येतो.

गुरुवारी रात्री मामांना सोडायला विमानतळावर गेलो.
हैदराबादच्या रांगेशेजारी एक माणूस
जमिनीवर गुडघा रोवून खोका बांधत होता.
नवांतला होता का, ठाऊक नाही. मी विचारलं नाही.
त्यानं वर पाहिलं, म्हणाला, भाईसाब, जरा उंगली.
मी वाकलो, गाठीवर बोट ठेवलं.
त्यानं दोरी आवळली, माझ्या बोटासकट,
मग हसत सैल केली,
आणि पुन्हा.